तुलनेतली घरं

नाल्याच्या पाण्याचा रंग वेळेवर बदलायचा. सकाळी ते राखेसारखं असायचं. अकराच्या सुमाराला वरच्या अंगाच्या गाळ्यांतून काहीतरी सुटायचं आणि पाणी निळसर पडायचं. दुपारनंतर साबणाचा फेस गाठोड्या-गाठोड्यांनी तरंगत यायचा. शकु फेस यायच्या आत पंप लावायची. फेसाचं पाणी मेथीला सोसत नाही, लाल माठाला सोसतं, हे तिला वीस वर्षांत कळलेलं होतं.

मुलुंडच्या खाडीकडच्या बाजूला, विजेच्या उंच मनोऱ्यांखालच्या मोकळ्या पट्ट्यात चाळीसेक घरं अशी पालेभाजी पिकवून जगत होती. शकु आणि तिचा नवरा कुंडलिक जालन्याकडून इथं आले तेव्हा सुयोग कडेवर होता. आता तो साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ चालवत होता आणि आठवडाभर तिथंच राहायचा. दीड वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं आणि घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, दहावी झालेली श्रुतिका सून म्हणून वाफ्यांत आली. पहिल्या दिवशी ती चप्पल घालून उतरली, तेव्हा शकु म्हणाली होती, "चप्पल काढ. रोप चेंगरतंय." श्रुतिकानं चप्पल काढली. पंधरा दिवसांत तिच्या बोटांच्या बेचक्यांत लालसर पुरळ उठलं आणि ती झोपताना पाय भिंतीला घासू लागली. शकु म्हणाली, "सगळ्यांनाच येतंय. सवय व्हईल."

वैशाख सरताना एका संस्थेची माणसं आली. छत्र्या, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. तोंडाला मास्क होते आणि नाल्याजवळ आल्यावर ते मास्कवरून हात धरत होते. त्यांचे मोठे साहेब अनिरुद्ध सर, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी समाजमंदिरात सगळ्यांना जमवून सांगितलं, की नाल्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांच्या आरोग्याचा आणि कमाईचा वर्षभर अभ्यास करायचा आहे. निम्म्या घरांना गमबूट, हातमोजे आणि जंताच्या गोळ्या मिळतील. कोणती निम्मी, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल.

"आन् बाकीच्यांना?" कुंडलिकनं विचारलं.

"बाकीची घरं तुलनेसाठी. त्यांनाही भेट आहेच."

"पर बूट सगळ्यांनाच का न्हाई?"

सर हसले. "मग तुलना कशाशी करणार, काका?"

हे सगळ्यांना पटल्यासारखं झालं. एका डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. शेजारच्या कुंदाला बूट लागले. शकुच्या घराला साबणाची वडी, एक प्लॅस्टिकचा मग आणि संस्थेचं नाव छापलेलं कॅलेंडर मिळालं. कुंदा बूट घालून घरी गेली तेव्हा बायका हसत होत्या, आणि हसणाऱ्यांत शकुही होती.

दुसऱ्या दिवशी स्वरदा नावाची मुलगी प्रत्येक घरात डब्या वाटायला आली. मूळची कणकवलीकडची, वडील गिरणीत होते, आता भांडुपला राहते, असं तिनं आपणहून सांगितलं. डबी बोटाएवढी, निळ्या झाकणाची, झाकणाला आतून चमचा.

"सकाळचं ताजं हवंय मावशी, शेंगदाण्याएवढं. आणि रक्त मी उद्या घेईन. घरातल्या सगळ्या मोठ्यांचं."

श्रुतिकानं डबी हातात घेतली आणि परत चटईवर ठेवली. "मला नाही जमणार. किळस येते मला. आणि मला पाचवा चालू आहे."

"गरोदर बायांचं तर आम्हाला हवंच असतं," स्वरदा म्हणाली. "म्हणजे, महत्त्वाचं असतं ते."

"पालिकेच्या दवाखान्यात घेतलंय माझं रक्त तिसऱ्यात. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गोळ्या दिल्यात त्यांनी."

"त्या गोळ्या हिला पचत न्हाईत, ओकती," शकु मध्येच म्हणाली. मग सुनेकडे वळली. "देऊन टाक गं. नाल्यात हात घालताना किळस येत न्हाई आन् डबीची कसली? एवढी शिकलेली माणसं दारात आली, फुकट तपासत्यात."

स्वरदानं चार पानांचा कागद काढला, भरभर वाचला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "घराच्या वतीनं एक सही. कर्त्या माणसाची." कुंडलिक बाजारात गेला होता. शकुला रात्रीच्या शाळेत नाव लिहायला शिकवलेलं होतं. तिनं पेन घट्ट धरून 'शकु कुंडलिक' लिहिलं. तिला बरं वाटलं. तिच्या सहीची अशी गरज कुणाला फारशी पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिघांचं रक्त गेलं, डब्याही गेल्या.

पुढच्या आठवड्यात श्रुतिकाची दवाखान्याची तारीख होती. नेमकं त्याच दिवशी पालकाची तोड आली. श्रुतिका पदर खोचून उभी होती, कार्ड हातात. शकु म्हणाली, "अगं, आत्ता तर रक्त घेऊन गेले ना हे लोक? मुंबईतली मोठी मशीनं त्यांची. काही वाईट आसतं तर सांगितलंच आसतं की. सारखं सारखं काय सुया टोचून घ्यायच्या?"

"तसं त्यांनी कुठं म्हटलंय?"

"न सांगायला ते काय दुष्मन हायेत आपले?"

श्रुतिकानं कार्ड डब्यावर ठेवलं आणि जुड्या बांधायला बसली. तिच्या पुढच्या महिन्याच्या तारखेलाही असंच काहीतरी आलं. त्याच्या पुढच्या वेळी तर तारखेची आठवणही कुणी काढली नाही.

स्वरदा मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहिली. उंबऱ्याशी बसायची आणि टॅबवर बोट फिरवत विचारायची.

"मावशी, गेल्या सात दिवसांत हिरव्या पालेभाज्या किती वेळा खाल्ल्या?"

"आमी न्हाई खात."

"म्हणजे शून्य?"

"आमी बटाटा खातो. हे इकायचं."

स्वरदा थबकली, मग तिनं शून्य टाकलं. "कामावरून परतल्यावर साबणानं हात धुतले?"

"तुमचीच वडी हाय," शकु म्हणाली. स्वरदानं होय टाकलं.

एकदा तिनं श्रुतिकाकडे जरा जास्त वेळ बघितलं. श्रुतिका पत्र्याला टेकून बसली होती. ओठांचा आणि चेहऱ्याचा रंग एकच झाला होता. ती तांदूळ कच्चे खायची, ते शकुला ठाऊक होतं. अलीकडे वाफ्याच्या कडेचं वाळलेलं ढेकूळ फोडून तोंडात टाकायची, तेही तिनं एकदा पाहिलं होतं. ज्या मातीत काय काय झिरपलेलं असतं ती माती. शकुनं तिच्या हातावर फटका मारला होता. "डोहाळे लागलेत का येड लागलंय?"

"तुम्ही दवाखान्यात जाता ना वहिनी?" स्वरदानं विचारलं.

"जाईन."

"जा हं. नक्की जा." एवढंच म्हणून ती उठली आणि नेहमीपेक्षा लवकर गेली.

श्रावणात दोन दिवस सलग पाऊस कोसळला. खाडीला भरती होती. नाला उलटा चढला आणि सगळा पट्टा पाण्याखाली गेला. पाणी उतरलं तेव्हा वाफ्यांवर वीतभर काळा गाळ बसला होता. त्यात पिशव्या, लंगोट, मेलेली घूस, फुटक्या शिश्या. माठ, पालक सगळं आडवं होऊन सडलं होतं. वास असा, की भाकरी तोंडाशी नेली तरी आधी वास घशात जायचा.

गाळ काढून, वाफे नव्यानं बांधून पंधरा दिवसांत बी पडलं नसतं तर गणपतीतला बाजार हुकला असता. कुंडलिकची कंबर धरलेली. सुयोग रविवारी आला आणि घमेली वाहून सोमवारी परत लेथवर गेला. उरल्या शकु आणि श्रुतिका. शकु फावड्यानं गाळ ओढायची आणि श्रुतिका घमेल्यानं बांधावर टाकायची. आठवा लागायला आला होता. गुडघ्यापर्यंत गाळ, अनवाणी पाय. दहा घमेली झाली की ती उभ्या उभ्या डोळे मिटायची. तिच्या गळ्याची शीर उडताना लांबून दिसायची.

"बस जरा," शकु म्हणायची.

"बसले तर उठता येत नाही, आई."

पलीकडच्या वाफ्यात कुंदा बुटांनी चिखल तुडवत होती. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं हाक मारली. "शके, हे बूट घालू दे तिला थोडा टाईम."

"नको. त्या पोरीनं बघितलं तर तुझं नाव लिवून नेईल," शकु म्हणाली. बूट दुसऱ्याला द्यायचे नाहीत असं त्या लोकांनी बजावलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी श्रुतिका घमेलं उचलायला वाकली आणि तशीच गाळात बसली. शकुनं हाक मारली. तिनं मान वर केली, पण नजर कुठंच लागत नव्हती. तिच्या साडीला गाळ होता, त्यामुळे रक्त कळलंच नाही. शकुनं तिला उठवायला काखेत हात घातला, तेव्हा मांडीवरून ऊन ऊन काहीतरी तिच्या हातावर आलं.

कुंदानं रिक्षा आणली. रिक्षावाल्यानं दोघींचा अवतार बघून सीटवर गोणपाट टाकायला लावलं.

पालिकेच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टर माधुरी मॅडम रागीट होत्या. त्यांनी श्रुतिकाची खालची पापणी ओढून बघितली, बोट टोचून रक्त तपासायला लावलं आणि आकडा येताच ओरडल्या, "पाच पॉइंट दोन! ही इतके दिवस चालत कशी होती? तिसऱ्या महिन्यानंतर एकही तपासणी नाही. कोण आहे हिच्याबरोबर?"

"मी. सासू."

"कार्डावर तारखा लिहिलेल्या दिसत नाहीत?"

"रक्त घेतलं होतं मॅडम. संस्थेच्या लोकांनी. पाचव्यात."

"मग रिपोर्ट कुठाय?"

शकुच्या हाताचा गाळ वाळून कडक झाला होता आणि फरशीवर त्याचे पोपडे पडत होते. एक आया आली आणि तिला बाहेर हाकलून तिच्यामागे फिनेलचा बोळा फिरवून गेली.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. श्रुतिका वाचली. मुलगी झाली होती, ती हलली नाही. आयानं कापडात गुंडाळलेलं ते शकुच्या हातात दिलं. सुयोग आणि कुंडलिक ते घेऊन गेले. शकु दवाखान्यात थांबली. तिसऱ्या दिवशी श्रुतिकाला दूध उतरलं. तिनं ओढणीनं छाती आवळून बांधली होती, तरी गाऊनला ओले डाग पडत. दूध आंबल्याचा वास यायचा. वॉर्डातल्या दुसऱ्या पोरांचं रडणं ऐकलं की डाग मोठे होत. शकुनं एकदा पुसायला फडकं पुढे केलं. श्रुतिकानं ते घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या संध्याकाळी भेटीच्या वेळेला स्वरदा आली. खाटेजवळ उभी राहिली. डोळे सुजलेले होते. बरोबर केळी होती आणि टॅबही होता.

"मावशी, मला फार वाईट वाटलं. मला हे आज भरावं लागतं, नाहीतर मी आलेच नसते. एकच प्रश्न आहे." तिनं टॅब उघडला. "बाळाचं वजन किती होतं?"

शकुला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं.

"कशाला पायजे?"

"रकाना आहे तो."

"एक किलो चारशे," भिंतीकडे तोंड असलेली श्रुतिका म्हणाली. "लिही. आणि मला सांग, माझं रक्त तेव्हा किती निघालं होतं?"

"मला आकडा दिसत नाही वहिनी. खरंच. तो ऑफिसात असतो."

मग ती शकुला हाताला धरून जिन्यात घेऊन गेली. "आकडा नाही दिसत मावशी, पण रक्त फार कमी असलं की घराच्या नंबरापुढे लाल खूण येते. तुमच्या घराला होती. वर्ष संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं आम्हाला शिकवलंय. मी सरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, ती पालिकेच्या दवाखान्यात जातेच आहे, ते बघतील."

"तुला म्हाईत होतं."

"मी म्हटलं ना वहिनींना, दवाखान्यात जा म्हणून—"

"तुला म्हाईत होतं आन् तू आमच्या दारात बसून आमी भाजी किती खाल्ली ते इचारत होतीस."

स्वरदा रडायला लागली. शकुला तिच्या रडण्याचीही शिसारी आली. ती परत वॉर्डात गेली आणि केळी उचलून आयाला देऊन टाकली.

श्रुतिका घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी देऊन झाल्यावर शकु पाय न धुताच निघाली. संस्थेचं ऑफिस साकीनाक्याला होतं. खाली वेल्डिंगचे गाळे, ठिणग्या, पत्र्यांचा आवाज. वर तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार आणि थंडगार हवा. भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यावर त्यांच्या पट्ट्यातलं एकेक घर ठिपका होऊन बसलं होतं. निम्मे हिरवे, निम्मे राखाडी.

बंद खोलीत तिच्या साडीचा वास लगेच पसरला. टेबलामागच्या मुलीनं खिडकी शोधली. खिडकी उघडत नव्हती. मग तिनं कपाटातून फवारा काढला आणि शकुच्या बाजूला दोनदा मारला. गुलाबाचा आणि नाल्याचा मिळून जो वास झाला, तो शकुच्या नाकात बसला.

अनिरुद्ध सर बाहेर आले. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. "शकुमावशी, आम्हा सगळ्यांनाच फार धक्का बसला आहे."

"माझ्या सुनेच्या रक्ताचा कागद द्या."

"देणारच होतो. अभ्यास संपला की सगळ्यांचे रिपोर्ट देणार, असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या पानावर." त्यांनी फाईल मागवली आणि अगदी हळुवारपणे पान उलटून दाखवलं. "ही तुमचीच सही ना?"

तिचीच होती. शकुनं स्वतःची अक्षरं पाहिली. त्या दिवशी किती दाबून लिहिलं होतं तिनं.

"तवाच का न्हाई सांगितलं?"

"हे बघा, मध्येच सांगितलं असतं तर तुमच्यासारख्या बूट नसलेल्या सगळ्याच घरांनी गोळ्या घेतल्या असत्या. मग फरक बुटांमुळे पडला की कशामुळे, हे कधीच कळलं नसतं. हे ज्ञान उद्या हजारो शेतकऱ्यांच्या उपयोगी पडणार आहे."

"आन् न सांगता काय कळलं तुमाला?"

सर चष्मा पुसू लागले. तो पुन्हा लावत म्हणाले, "तुमच्या भावना समजतात मला."

"मला आमच्या समद्या घरांचे कागद पायजेत. ज्यांना बूट न्हाईत त्या समद्यांचे."

"ते शक्य नाही. गोपनीय असतात ते."

शकु खुर्चीतून उठली आणि दारातच जमिनीवर बसली. पायाचा गाळ गालिच्याला लागला. दोन माणसं तिला ओलांडून गेली. एकानं पँट वर धरली होती. तिनं चहा घेतला नाही, ओरडली नाही, शिवी दिली नाही. नुसती बसली. एक वाजला, तीन वाजले. साडेतीनला टेबलामागची मुलगी सरांच्या कानाशी येऊन म्हणाली, की अभ्यासाला पैसे देणारे पाहुणे जुहूच्या हॉटेलातून निघालेत, पाऊण तासात पोचतील. सरांनी शकुकडे, मग गालिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा प्रथमच गेला आणि खाली जे होतं ते शकुला ओळखीचं वाटलं. गिऱ्हाईक किडकी जुडी बाजूला टाकताना तोंड करतं, तसं.

"स्वरदा, काढून दे," ते आतल्या टेबलाकडे वळून म्हणाले. "आणि मावशी, हे नेलंत की तुमच्या बाजूची सगळी घरं अभ्यासातून बाद होतील. सगळ्यांचं वर्ष वाया जाईल. कळतंय का तुम्हाला?"

"व्हय," शकु म्हणाली.

रिपोर्टच्या छापील चिठ्ठ्यांवर नावं नव्हती, नंबर होते. स्वरदानं जिन्यात पायरीवर बसून टॅब बघत एकेका चिठ्ठीवर पेनानं नाव लिहिलं. "माझी नोकरी जाईल, मावशी," ती म्हणाली. शकुनं काहीतरी म्हणायला हवं होतं. चिठ्ठ्या पदरात बांधून ती उतरली.

सांजच्याला पंपाजवळच्या मोकळ्या जागेत बायका जमल्या. ज्यांची घरं राखाडी होती त्या सगळ्या, आणि बूट घालून कुंदाही आली. वाचणार कोण, हा प्रश्न आला. बाप्ये कामावर होते. मग श्रुतिका आतून आली. तिला अजून नीट उभं राहवत नव्हतं. ती उपड्या टोपलीवर बसली आणि हात पुढे केला. शकुनं गाठ सोडून चिठ्ठ्या दिल्या.

पहिलीच तिची होती. तिनं ती वाचली. तारीखही वाचली.

"सहा पॉइंट एक," ती म्हणाली. "तेव्हा पोटात हलायला लागली होती."

शकुला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. तिनं शिव्या घालाव्यात, थोबाडात मारावी, असं शकुला मनापासून वाटलं. श्रुतिकानं चिठ्ठी मांडीखाली ठेवली आणि पुढची घेतली. नाव वाचलं, आकडा वाचला. साडेनऊ. त्याच्या पुढची, सात. त्याच्या पुढची, साडेसहा. ज्या बाईचा आकडा आठाच्या आत, तिला ती म्हणायची, "डाव्या बाजूला उभी राहा." तिचा आवाज सपाट होता, बाजारात भाव सांगताना असावा तसा. हळूहळू डावीकडची रांग उजवीकडच्यापेक्षा मोठी झाली. एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजी काय झालंय मला?" श्रुतिका म्हणाली, "जंत आहेत. ह्या मातीतले. पायातून चढतात आणि रक्त पितात. गोळी मिळते पालिकेत. मॅडम म्हणाल्या मला." म्हातारीनं आपले पाय उचलून तळवे पाहिले आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना.

शेवटची चिठ्ठी उरली. श्रुतिकानं ती उलटी-सुलटी करून पाहिली.

"आई, ही तुमची."

शकुला आपलीही चिठ्ठी असेल हे दिवसभरात एकदाही सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "माझं काय बघायचं. ऱ्हाऊ दे."

"सहा पॉइंट आठ."

शकु जागची हलली नाही. बायका तिच्याकडे बघू लागल्या. नाल्यावरून फेसाची गाठोडी जात होती आणि बंद करायचा राहिलेला पंप भकभक पाणी ओढत होता. श्रुतिका टोपलीवरून उठली, चिठ्ठ्या एकावर एक ठेवून सरळ केल्या आणि सासूच्या तोंडाकडे न बघता म्हणाली,

"उद्या सातला निघायचंय सगळ्यांनी. तुम्हीपण. वाफ्याला पाणी द्यायला थांबू नका. आणि चप्पल घाला. जा, डावीकडे उभ्या राहा."

शकु डावीकडे जाऊन उभी राहिली.